कोपरावरचे केस

"एकतर हा कुत्रा माझा नाही, नाहीतर माझं डोकं माझं राहिलेलं नाही," माई म्हणाल्या. "दोन्हींतलं खरं कोणतं, तेवढं शनिवारच्या आत सांगा."

शनिवारी त्यांचा मुलगा त्यांना गाडीत घालून वृद्धाश्रमात नेणार होता. खोली ठरली होती, बॅगही भरून झाली होती.

दादाने हळूच खुर्ची मागे सरकवली. ज्याच्याबद्दल बोलणं चाललं होतं, तो त्याच्याच शेजारी उभा होता. वासराएवढा राखाडी, राठ केसांचा कुत्रा, आणि हनुवटी सरळ जेवणाच्या टेबलावर टेकवलेली! दादाने तीस वर्षं कचेरीत टायपिंग केलं होतं. आता तो धाकट्या बहिणीच्या शोधकामात तिची पिशवी सांभाळायचा. तिला सगळे शोधकबाई म्हणत. दादा चारचौघांत 'छोटी' म्हणून मोकळा होई आणि मग घरी बोलणी खाई.

"घाबरू नका," माई हसल्या. "या जातीइतकं गरीब जनावर नाही. चोर आला तरी शेपूट हलवतील. म्हणून तर 'ढगोबा' म्हटल्यावर यानं शेपूट हलवली, याला मी काही पुरावा मानत नाही."

"सुरुवातीपासून सांगा," बहीण म्हणाली.

"डोळ्याचं ऑपरेशन झालं, त्यात गुंतागुंत होऊन बारा दिवस दवाखान्यात होते. घरी आले ती पट्टी बांधूनच. यानं मांडीवर डोकं ठेवलं. मी सवयीनं पुढच्या पायाच्या कोपराला हात लावला. माझ्या ढगोबाला तिथं घट्टे होते, माझ्या टाचेसारखे कडक. सात वर्षं फरशीवर झोपून पडलेले. आणि इथं हाताला मऊ केस लागले! अजून मला सगळं धूसरच दिसतं. पण बोटं खोटं बोलत नाहीत हो."

"फरशीवर का? गादी नव्हती?"

"त्यावरूनच तर भांडणं व्हायची. भावजी म्हणायचे, एवढी मोठी हाडं, खाली पेंढा घाला. हे म्हणायचे, शिकारी कुत्र्याचे लाड नकोत." माईंचा आवाज मऊ झाला. "लांडगे मारणारी जात ही. पूर्वी राजे एकमेकांना भेट द्यायचे. मग लांडगे संपले आणि यांचं कामच संपलं. जात नावापुरती उरली. कुणा एका हट्टी माणसानं गावोगाव फिरून उरलीसुरली गोळा केली, म्हणून आज हा इथं उभा आहे. आमच्या ह्यांनी आणि भावजींनी हयात घातली यांच्यापायी. आणि ही आठ-नऊ वर्षांत जातात. जीव लावायचा आणि निरोप द्यायचा, दुसरं काय!"

"दीर कुठं असतात?"

"टेकडीपलीकडे. सात वर्षं बोलणं नाही. शेवटची नऊ पिल्लं झाली, त्यांतली सात ह्यांनी विकली. भावजी म्हणाले, ही विकायची नसतात, द्यायची असतात. एक पिल्लू उचललं आणि गेले. ह्यांच्या अंत्ययात्रेलाही आले नाहीत." त्यांनी पदर सारखा केला. "आम्ही तिघं माळावर जायचो. हे कुत्रे नजरेनं शिकार करतात, वाऱ्यासारखे लांब जातात, हाक पोचत नाही. मग हात उंच करायचा. असा."

माईंनी उजवा हात उंच केला. कुत्रा आता खिडकीपाशी जाऊन रस्त्याच्या वळणाकडे बघत होता. त्यानं त्यांच्याकडे वळून पाहिलं आणि पुन्हा मान फिरवली. माईंचा हात खाली आला.

"खांदा निखळला भावजींचा याच खेळात," त्या पुटपुटल्या. "उजवा. कुत्र्याची धडक बसली, तो कायमचाच अधू झाला."

दादाला भरून आलं. तो उठला आणि जायची तयारी म्हणून खुंटीवरच्या टोपीला हात घातला. दादा डावखुरा. शाळेत त्यापायी छड्या खाऊनही तसाच राहिलेला. हात वर जातो न जातो तोच कुत्रा तीन ढांगांत येऊन पुढ्यात उभा!

"बघितलंस? जनावराला माणूस कळतो," दादा फुशारला.

बहीण कुत्र्याकडे आणि दादाच्या हाताकडे आळीपाळीने बघत होती. एरवी टोमण्याची अशी संधी ती सोडत नसे.

मुलगा मागच्या अंगणात भेटला. बिचारा रडकुंडीला आला होता. "कुत्रा जाईल कुठं? मी दवाखान्यात आईपाशी होतो, घरी बायको होती. आईचं वय झालंय. काल तर तिनं गॅस चालू ठेवला. मला काय हौस आहे का तिला पाठवायची?"

"बायकोला कुत्र्याचं प्रेम?"

"छे! केस पडतात म्हणून रोज कटकट. आता मात्र बागेचं वेड लागलंय. जिनं कधी कुंडीला पाणी घातलं नाही तिनं हा वाफा केला."

दादाच्या उंचीएवढा लांब वाफा, आणि मधोमध गुलाबाचं एकच रोप. "जागेची उधळपट्टी," दादा म्हणाला. त्याला बागेतलं कळायचं.

सून स्वयंपाकघरात होती. "कुत्रा तोच आहे," ती भिंतीकडे बघत म्हणाली. आणि मग, कुणी विचारलं नसताना, "माईंना खरंच नेणार आहेत का हो?"

गुरांच्या दवाखान्यात ढगोबाचे डॉक्टर हात धूत होते. "त्याला मी जन्मल्या दिवसापासून ओळखतो. त्याच्या आईची सुटका याच हातांनी केलीय."

"तो माईंचाच का, असं विचारलं मी."

"बाहेर पेशंट थांबलेत," डॉक्टर म्हणाले, आणि स्वच्छ हातांना पुन्हा साबण लावू लागले.

शुक्रवारी दुपारी सगळे बाहेरच्या खोलीत जमले. कुत्रा खिडकीत उभा होता.

"माईंचं डोकं ठिकाणावर आहे," बहीण म्हणाली. "हा ढगोबा नाही. सात वर्षांच्या घट्ट्यांवर बारा दिवसांत केस येत नाहीत. हा पेंढ्यावर झोपत आलाय. पेंढा कोण घालतं, हे माईंनीच सांगितलं. त्यांच्या उजव्या हाताला हा आला नाही. दादाच्या डाव्या हाताला धावत आला, कारण याच्या धन्याचा उजवा खांदा अधू आहे, हात वर जातो तो डावाच. डॉक्टर खोटं बोलले नाहीत. त्यांनी नऊच्या नऊ पिल्लांना जन्मापासून पाहिलंय. हा ढगोबाचा सख्खा भाऊ. आणि ढगोबा..." ती सुनेकडे वळली. "गुलाबाला सहा फूट जागा लागत नाही, बाळ."

सून माईंच्या पायाशी येऊन बसली.

"माई दवाखान्यात गेल्या आणि तिसऱ्याच दिवशी ढगोबाच्या पोटाला पीळ पडला. डॉक्टर धावत आले, पण तासाभरात सगळं संपलं. तिकडे डोळ्यांचे डॉक्टर म्हणालेले, यांना रडू देऊ नका, टाके तुटतील. कळवायला हवं म्हणून टेकडीपलीकडच्या काकांना फोन केला. ते संध्याकाळी याला घेऊन आले. म्हणाले, ही विकायची नसतात, द्यायची असतात. दे वहिनीला. माझं नाव काढू नकोस. डॉक्टरांनाही गप्प राहायला सांगितलं. आणि गेले, त्या वळणावरून. वळून पाहिलं नाही. वळलो तर हा खिडकीतून उडी मारेल, म्हणाले."

दादाने खिडकीकडे पाहिलं. वासरू कसलं, म्हातारा जीव होता तो. इतके दिवस रस्त्याकडे डोळे लावून बसलेला.

"आज सांगणारच होते," सून हुंदके देत म्हणाली. "माई, तो केसांनी घर भरायचा ना... याचेही पडतात, पण ते त्याचे नाहीत."

माई उठल्या. चाचपडत अंगणात गेल्या, वाफ्याच्या मातीवर तळहात ठेवून बसल्या आणि पोटभर रडल्या. टाक्यांची पर्वा कुणी केली नाही. थोड्या वेळानं त्यांनी सुनेला जवळ ओढून घेतलं.

"आई, उद्याचं..." मुलगाही मातीत येऊन बसला. "चुकलो मी."

"उद्या गाडी काढायचीच आहे. बॅग मात्र ठेव इथं."

शनिवारी टेकडीपलीकडच्या माळावर गाडी थांबली. मागच्या सीटवर कुत्रा, माई आणि चेपलेला दादा. लांब कुंपणाशी एक म्हातारा पेंढ्याची रिकामी जागा झाडत होता. झाडता झाडता त्याचा हात थांबला.

"मला दिसत नाहीये," माई घाईनं म्हणाल्या. "हात वर केला का त्यांनी?"

"केला," दादा म्हणाला.

"डावा?"

"डावा."

माईंनी दार उघडलं. सात वर्षांचं ते धूड पिल्लासारखं सुटलं आणि माळ कापत गेलं. मागोमाग सुनेचा हात धरून माई चालत गेल्या.

म्हातारा कुत्र्याच्या मानेत तोंड खुपसून उभा होता. "दिलेलं मी परत घेत नाही, वहिनी," तो वर न बघताच म्हणाला.

"परत कुठं करतेय? मी भेट देतेय." माईंनी हात पुढं केला, आणि तो चाचपडत आधी कुत्र्याच्या पाठीवर, मग त्या अधू खांद्यावर टेकला. "सात वर्षं झाली, भावजी. बसायला तरी सांगा."