चकवा, पश्चिम बांध

ज्यांनी ही झील कागदावर 'पडीक जमीन' म्हणून रंगवली, त्यांनी ती एकदाही पाहिलेली नाही. पाहिली असेल तर गाडीच्या काचेतून, आणि तीही काच वर. जानेवारीतल्या एखाद्या सकाळी येऊन बांधावर नुसते उभे राहिले असते, तरी त्यांचा हात सही करायला धजावला नसता.

हे केतकी गेले दोन महिने भेटेल त्याला ऐकवत होती. त्या रविवारी ऐकायची पाळी सुजयची होती. केतकी दिल्लीतल्या द्वारकेत वाढलेली, वडील केंद्र सरकारच्या नोकरीत, स्वतः नुकतीच प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झालेली. सुजय वाशीमकडच्या खेड्यातला, राजिंदर नगरच्या एका खोलीत यूपीएससीची तयारी करणारा. पक्ष्यांतलं त्याला चिमणी-कावळ्यापलीकडे काही कळत नव्हतं. पण पक्ष्यांच्या मोजणीला एकाने बघायचं आणि दुसऱ्याने लिहायचं, अशी पद्धत असते. पर्यावरणाच्या पेपरला उपयोग होईल, असं सांगून तिने त्याला पहाटे उठवून आणलं होतं.

बेरवाली झील द्वारकेच्या पुढे, हरियाणाच्या हद्दीला लागून आहे. संरक्षित पाणथळ म्हणून तिचं नाव यादीत होतं, आणि ते काढायची फाइल वर पोचली होती. यंदाच्या मोजणीत दोनशेच्या वर पाणपक्षी निघाले, तरच नाव राहणार. तक्ता त्याच सकाळी नऊपर्यंत समितीला पाठवायचा होता. केतकी झिलीवर शेवटची आली होती ती ऑक्टोबरात. त्यानंतर परीक्षा, मग घरातलं लग्न. तिचा खरा भरवसा होता अंबादास काकांच्या वह्यांवर.

अंबादास काका म्हणजे निवृत्त सेक्शन ऑफिसर. वीस हिवाळे त्यांनी एकट्याने इथले पक्षी मोजले, आणि गेल्या पावसाळ्यात ते वारले. भानुमती काकूंनी वह्यांचा गठ्ठा केतकीच्या हातात ठेवला. नातवंडांना मराठी वाचता येत नाही, म्हणाल्या, तुला तरी येतं. केतकीने सगळ्या वाचून काढल्या. दर जानेवारीत एक नोंद हमखास असायची: 'पश्चिम बांध. धुकं. चकवा. दीड तास.' शेवटची अकरा वर्षं सलग. तिने ते मोठ्या अभिमानाने समितीला केलेल्या अर्जात घातलं होतं.

फाटकावर कुणी नव्हतं. धुकं असं की स्वतःचे बूट दिसत नव्हते. पश्चिमेचा बांध सरळ आहे, पट्टीने आखल्यासारखा, जेमतेम अर्धा किलोमीटर, आणि टोकाला मचाण. दोन्ही बाजूंनी पाण्याचे चुबुक चुबुक आवाज येत होते. ओल्या गवताचा, चिखलाचा, पिसांचा वास. मध्ये एके ठिकाणी बांध खचला होता, तिथे गुडघाभर पाण्यातून जावं लागलं. पाणी इतकं गार होतं की सुजयने दातावर दात दाबून एक शिवी गिळली. पलीकडे चढल्यावर एक बाभूळ लागली. फांदीला निळी प्लास्टिकची दोरी अडकलेली.

पंधरा मिनिटांनी पुन्हा बाभूळ लागली. निळी दोरी.

केतकी म्हणाली, असतील दोन. तिसऱ्यांदा तिने दोरीला हात लावून पाहिला. सरळ बांधावर माणूस गोल कसा फिरेल? डावीकडे पाणी, उजवीकडे पाणी, वळायला जागाच नाही. तिने फोन काढला. नकाशावरचा निळा ठिपका पाण्याच्या मधोमध थरथरत होता. मग काकांच्या वहीत बांधाचं काही वर्णन सापडतं का, ते बघायला तिने वही सुजयकडे दिली.

त्याने टॉर्च धरून पान वाचलं. दोनदा वाचलं.

"केतकी, चकवा म्हणजे काय समजलीस तू?"

"बदक यार. चकवा-चकवी. भगव्या रंगाचं असतं. का?"

सुजयला आधी हसू आलं. "ते हिंदीत. आपल्याकडे त्या बदकाला चक्रवाक म्हणतात. चकवा म्हणजे... आमच्या शिवारात माणसाला लागतो तो. वाट रोजचीच असते, पण माणूस फिरत राहतो तिथल्या तिथे."

"म्हणजे भूत?"

"तसंच समज."

"मी समितीला भूत लिहून दिलंय?"

"अकरा वर्षं सलग," सुजय म्हणाला, आणि त्याचं हसू विरलं.

त्याच्या आजोबांनी सांगितलेला उपाय एकच होता: जागच्या जागी बसायचं, तो सोडेपर्यंत उठायचं नाही. केतकीने घड्याळ पाहिलं. साडेसात. बसून राहायला ती आली नव्हती. झील वाचवायची की आजोबांच्या गोष्टी ऐकायच्या, असं काहीतरी फटकारून ती एकटीच पुढे निघाली. पाठ सरळ, पावलं मोजून. विसाव्या पावलाला धुक्यात कुणीतरी उकिडवं बसलेलं दिसलं, तिच्याकडेच तोंड करून. तो सुजय होता.

ती त्याच्या शेजारी बसली. वहीतला 'दीड तास' कशाचा होता, ते तिला आता कळलं. काका इथेच बसत असतील. दर वर्षी. आणि तरी पुढच्या वर्षी पुन्हा येत असतील...

मग आवाज आला. पुढून, की मागून, सांगता येत नव्हतं. म्हाताऱ्या माणसाचा, घसा न खाकरता बोलल्यासारखा.

"सत्तेचाळीस... अठ्ठेचाळीस..."

केतकीने सुजयचं मनगट पकडलं. हा आवाज तिने दोनदा ऐकला होता, काकांच्या घरी, चहा पिताना.

"एकोणपन्नास..."

"म्हणजे किती?" ती कुजबुजली. पन्नाशीच्या आसपास तिचं मराठी संपत असे.

"फोर्टी नाइन. गप्प बस."

सुजय तक्त्यावर रेघा ओढू लागला. का ओढतोय, हे त्यालाही ठाऊक नसावं. लिहायला आणलं होतं, म्हणून लिहीत होता. एकसष्ट, चौऱ्याऐंशी, एकशे एकोणीस. पंखांची फडफड, मग पाण्यावर छप्पकन उतरल्याचा आवाज, कधी चोचींचा खळखळाट. केतकी डोळे मिटून एकेक आवाज ओळखत होती. हा चक्रांग, ही थापट्या बदकं. भीतीच्या खाली कुठेतरी तिला भरून येत होतं. किती आहेत... सगळे आलेत.

दीडशेच्या पुढे सुजयचा हात थांबला.

"तुझ्या लक्षात आलं का," तो म्हणाला, "आधी आकडा येतो. मग पक्षी उतरतो."

तिने ऐकलं. एकशे सत्तावन्न... छप्प. एकशे अठ्ठावन्न... छप्प. हाक मारल्यावर यावं तसे.

दोनशे अकरावर आवाज थांबला. पुन्हा आला नाही. नऊला दहा मिनिटं कमी होती. केतकीने तक्ता हातात घेतला. 'पाहिलेले' या रकान्यात शून्य. 'आवाजावरून' या रकान्यात दोनशे अकरा. आवाजावरून मोजलेले चालतात, नियमच आहे, ती म्हणाली. सुजयला नव्हे, स्वतःलाच. फसवणूक कसली? कानांनी ऐकलंय आपण. दोनशे अकरा, यार. झील वाचली.

"आणि मोजणाऱ्याचं नाव?" सुजयने विचारलं.

त्या रकान्यावर तिने पेन टेकवलं. आयुष्यात तिने खोटा आकडा लिहिला नव्हता. हाही खोटा नव्हता. शेवटी तिने काकांचं नाव लिहिलं, खाली स्वतःची सही केली, फोटो काढला आणि पाठवून दिला.

मग दोघं उठले. चाळीस पावलांवर फाटक होतं.

शंकर नावाचा पहारेकरी नुकताच ड्युटीवर येऊन शेगडी पेटवत होता. धुकं अजून तसंच होतं, बांधापलीकडचं काही दिसत नव्हतं. केतकीने त्याला न राहवून सांगून टाकलं, दोनशे अकरा, भैया, अब कोई माई का लाल इसे हाथ नहीं लगा सकता. शंकर तिच्याकडे बघत नव्हता. तो बघत होता तिच्या गुडघ्यापर्यंत चिंब पँटकडे, बुटांतून निथळणाऱ्या पाण्याकडे.

"मैडम जी," तो हळूच म्हणाला, "आप लोग भीगे कहाँ? पानी तो दिवाली के बाद ही निकाल दिया था... झील तो सूखी पड़ी है।"