रिकाम्या कोपऱ्याचा सोलो

आमच्या ब्लूज-रॉक बँडमध्ये चार माणसं. दाजी मुख्य गिटार वाजवतात आणि गातात. एरवी दवाखान्यात लोकांचे दात उपटतात. ड्रम्सवर त्यांची बायको, म्हणजे माझी ताई. बेसवर मास्तर, शाळेत गणित शिकवणारे, आणि गाणं चालू असताना बारापर्यंत न चुकता मोजणारे आमच्यातले एकटेच. मी रिदम गिटार, म्हणजे सगळ्यांच्या मागे सलग खरवडत राहायचं. सहा वर्षं खरवडतोय. आईची समजूत अशी, की मी सामान उचलायला जातो.

बँडचा नियम एकच. आपला सोलो संपला की ज्याच्याकडे बघून मान हलवली, त्याने पुढचे बारा बार, म्हणजे तालाची बारा आवर्तनं, सोलो वाजवायचा. नाही म्हणायचं नाही.

महिन्यापूर्वी तालमीत दाजींनी पहिल्यांदाच माझ्याकडे बघून मान हलवली. वेळ मारून न्यायची म्हणून मी वळलो आणि डावीकडच्या रिकाम्या कोपऱ्याला अदबीने मान हलवली. सगळे हसले. बारा बार आम्ही चौघं त्या रिकाम्या कोपऱ्याला साथ करत राहिलो.

“तुझ्यापेक्षा बरं वाजवलं,” ताई म्हणाली.

मग दर तालमीला तो विनोद झाला. तिसऱ्या वेळी मास्तरांनी कोपऱ्याचे बार सुरू होताच बेस हळू केला.

“का हो मास्तर?”

“त्याचं ऐकू नको यायला?” म्हणाले, आणि गणित चुकल्यासारखे पुन्हा पहिल्यापासून बार मोजू लागले.

पुढच्या तालमीत ताई दहाव्या बारला मध्येच खुदकन हसली.

“काय झालं?”

“आत्ता वाजवलं ना, ते.”

“कोणी?”

ती कोपऱ्याकडे बघत राहिली. “ए, उगाच घाबरवू नकोस हं.”

मी विनोद बंद केला. दाजींनी केला नाही.

रविवारी दुपारी चारला कॅफेत कार्यक्रम होता. “आई येणार आहेत,” दाजी म्हणाले. “आज सोलो घेतलास तर घेतलास. नाहीतर मी दुसरा माणूस बघतो.”

साउंडवाल्याच्या टेबलावर आमच्या वायरींना नावांच्या चार चिकटपट्ट्या लावल्या होत्या. चौथीवर माझं टोपणनाव होतं. वायर मात्र स्टेजच्या डाव्या कोपऱ्यात गेली होती.

“तू तिथंच उभा राहतोस ना?” तो म्हणाला.

“मी इथे उभा आहे.”

“हो का?” त्याने माझ्या खांद्यावरून पलीकडे बघितलं. “बरं.”

वायर मीच ओढून माझ्या गिटारला लावली. आवाज आला. दोनदा तपासला.

आई पहिल्या रांगेत बसली होती, मांडीवर पर्स घट्ट धरून. तिसऱ्या गाण्यात दाजींचा सोलो संपत आला. माझे बारा बार तोंडपाठ होते.

दाजींनी वळून मान हलवली.

माझ्या डावीकडे.

मी तरीही वाजवलं. जीव तोडून. तार तुटली, बोटातून रक्त आलं. माझा एकही सूर मला ऐकू आला नाही.

मास्तरांनी बेस हळू केला.

ताई हसली.

लोक माना वळवून कोपऱ्याकडे बघत होते. आईसुद्धा. तिने पदराने डोळे टिपले.

बारा बार संपले. शिट्ट्या झाल्या.

बाहेर अजून लख्ख ऊन होतं. “जावईबापू, पोराने नाव काढलं हो,” आई दाजींना म्हणाली. मी समोरच उभा होतो, बोटाला रुमाल बांधून.

“आई, मी वाजवलंच नाही.”

तिने स्कूटर चालू केली. मागची सीट जराशी दबली.

“बसलास ना नीट?” तिने मान मागे वळवून विचारलं.

“आई, मी इकडे आहे!”

तिने क्षणभर काहीतरी ऐकलं, आणि खळखळून हसत निघून गेली. माझ्या विनोदांना ती आजवर कधी हसली नव्हती.