चाचणीचा तुकडा

रेल्वेच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेले चंद्रहास वांगीसुद्धा दाबून, उलटीपालटी करून घेत. मग लेथ काय डोळे मिटून घेणार होते? आलमबागच्या घरामागच्या शेडमध्ये लोखंड कातायचं स्वतःचं लेथ असावं, एवढीच त्यांची म्हातारपणीची हौस. पत्नी शुभदाताई म्हणत, नवंच घ्या, निदान गॅरंटी तरी मिळेल. चंद्रहास म्हणत, हल्लीची मशिनं म्हणजे पत्र्याचे डबे. जुनं ते सोनं!

असं एक जुनं लेथ सरोजिनी नगरच्या गोदामात होतं. मालक रिझवीसाहेब भलते अदबशीर.

"हुज़ूर, इत्मिनान से आज़माइए. मशीन कहीं भागी थोड़े ही जा रही है."

चंद्रहासांनी लोखंडी दांडा लावला, माप ठरवून कापला. बघतात तर हवा त्याहून बारीक! "खिळखिळं झालंय," असं पुटपुटत तुकडा खिशात टाकून ते घरी आले, तर बाथरूमच्या दाराच्या बिजागरीची खीळ निखळून हरवलेली. तुकडा तिच्या जागी चपखल बसला.

"अगबाई! मोजून आणलात की काय?"

"योगायोग गं."

दुसऱ्या चाचणीतही माप चुकलं. तो तुकडा टेबलावर ठेवला नि थोड्या वेळानं शुभदाताईंच्या शिवणाच्या मशीनची दांडी मोडली. तुकडा तिथेही फिट्ट. "अहो, त्या लेथला म्हणावं, आता कुकरचंही बघ," शुभदाताई खूश झाल्या. चंद्रहास मात्र मोडकी दांडी उलटीपालटी करून बघू लागले. तुकडा कापला तेव्हा ती धडधाकट होती की!

पण इंजिनियरची जात, खात्री केल्याशिवाय गप्प बसेल? ते पुन्हा गेले. दांडा सरळ, कापही सरळ. तरी टोकाला गुळगुळीत गोळा आला, खाली निमुळतं देठ.

"ये क्या बना दिया, हुज़ूर?"

चंद्रहासांच्या तोंडचं पाणी पळालं. गेल्या वर्षी भास्करभावजींचा खुबा मोडला, तेव्हा डॉक्टरांनी टेबलावर असाच गोळा ठेवून "आत हा बसवणार" म्हणून सांगितलं होतं.

तुकडा खिशात कोंबून ते ऑटोनं घरी धावले. स्वयंपाकघरात शुभदाताई स्टुलावर उभ्या, हात माळ्यावर.

"खाली उतर!"

"अहो, बेसनाचा डबा..."

"आधी उतर म्हणतो ना!"

त्या उतरल्या. धड, सुखरूप. चंद्रहासांनी त्यांना हाताला धरून खुर्चीत बसवलं. त्यांचा जीव भांड्यात पडला, डोळेच भरून आले.

"जुनं नकोच. नवं घेऊ. तुझंच खरं."

उभ्या संसारात हे वाक्य शुभदाताईंनी पहिल्यांदाच ऐकलं. "मग आज लाडूच करते! डबा तेवढा..."

"तू हलायचं नाहीस. मी काढतो."

शीळ घालत चंद्रहास स्टुलावर चढले. डबा पार आत सरकला होता. ते चवड्यांवर उंच झाले.

खिशातला गोळा खुब्याला गार लागला.