सिंकखालचं पीठ

हे खरं आहे. रचून सांगायचं असतं तर मी यात भूत घातलं असतं. यात फक्त ओल आहे.

श्रीवर्धन. गेल्या भाद्रपदात, ताईच्या सासऱ्यांचं तेरावं. भर दुपार.

सासरे म्हणजे महादेवकाका. जन्मभर अनवाणी सुपारीच्या वाडीला पाणी लावलं. बोटांच्या बेचक्यांत कायम चिखल्या... पांढऱ्या, फुगलेल्या, वास मारणाऱ्या.

"सिंकखाली ओल आहे रे, वास येतोय," ते सारखे सांगायचे.

"बाबा, वास तुमच्या पायांचा येतोय," देवदत्त भावोजी हसायचे. किचन नवं होतं. भुसा दाबून केलेल्या फळ्या, वर चकचकीत सनमायका.

काका गेले त्या रात्री त्यांची बहीण, श्यामलाआत्या, म्हणाल्या, "दिव्यापाशी पीठ पसरा. सकाळी पाऊल उमटतं. दादा कुठल्या जन्माला गेला ते कळतं."

"झुरळाचं उमटेल, आत्या!"

भावोजींनी पीठ पसरू दिलं नाही.

ताईला तेव्हा सातवा महिना होता.

तेराव्याला खरकटी भांडी धुताना ऐकू आलं...

टप.

मी सिंकखालचं दार उघडलं. आवाज नाही.

लावलं.

टप.

पुन्हा उघडलं तर दार बिजागरीसकट हातात आलं. स्क्रू किडक्या दातांसारखे सुटले.

आत होतं ते: पाइपच्या जोडाला एक थेंब, कित्येक महिन्यांपासूनचा. चहात बुडवलेल्या पावासारखी फुगलेली फळी. फोडावरच्या कातडीसारखा सुटलेला सनमायका. केसाळ, काळी बुरशी.

नव्हतं ते: एकही झुरळ. साधी मुंगीसुद्धा नाही...

भावोजींनी फळी दाबली. बोट आत गेलं. उचलताना तिचे लगदे पडले. खाली जमिनीवर विरलेला भुसा... पिठासारखा, सपाट पसरलेला.

त्यावर पाऊल.

एकच. माझ्या बोटाएवढं. माणसाचं.

"दादा!" आत्यांनी हात जोडले. "क्षिप्रे, पोटावर हात ठेव. तुझ्याकडेच आलाय गं!"

ताई सिंकमध्ये ओकली. ते त्याच जोडातून खाली टपकलं... पावलावर.

पाऊल मोडलं नाही.

किचन उखडून टाकलं. दवाखान्यात मुलगा झाला.

बारशाला मी त्याचे मोजे काढले. जमिनीला कधी न लागलेले पाय.

बेचक्यांत चिखल्या.

पुसल्या, तर फडक्यावर तपकिरी भुसा.

"आंघोळ घातली तरी रोज येतो," ताई भिंतीकडे बघत म्हणाली. "रुचिका, मला त्याला जवळ घेववत नाही. माझंच बाळ गं... आणि किळस येते."

आत्या मात्र त्या पायांचे मुके घेत होत्या.

काल ताईचा फोन आला.

"सगळे म्हणतात, काय छान बाळसं धरलंय."

"मग?"



"बोटाने दाबलं की खळगा पडतो. आणि तसाच राहतो."

ती मला बोलावतेय. बॅग भरून दाराशी ठेवली आहे.

मला जाववत नाही.