चढती धारण

नववीपर्यंत मला वर्गात हात वर करायचीसुद्धा भीती वाटायची. दहावीत आले आणि ती कुठं गेली कळलंच नाही. वक्तृत्वात पहिली आले, गाडी शिकले, सुरजमामाशी वाद घालून जिंकायला लागले. हे मुद्दाम सांगते, कारण पुढचं वाचून कुणी म्हणेल, पोरगी घाबरट असेल, हिला भास झाले असतील. तसं नाही. माझ्याकडं वही आहे. तारीखवार.

आम्ही इनामगावचे. घर गावाच्या कडेला, घोड नदीच्या अंगाला. घरामागं मेंढरांचं जुनं वाडगं आहे. त्यात आता मेंढरं नाहीत, कडबा असतो. वाडग्यापलीकडं टेकाड. तिथं फार वर्षांपूर्वी सरकारी माणसांनी खणलं आणि तीन हजार वर्षांमागची घरं, रांजण, माणसं निघाली. ते बघायला लांबून लोक येतात आणि मातीचा ढिगारा बघून हिरमुसून जातात. आम्ही लहानपणी त्यावरून घसरलोय.

सुरजमामा, म्हणजे माझ्या आईचा भाऊ, कारेगावला खोली करून राहतो. कंपनीत फर्स्ट शिफ्ट. आमच्याकडं आला की हेल्मेट काढायच्या आधी मोबाइल काढतो. त्याला बिटकॉइनचा नाद.

"हे नशीब न्हाई, अभ्यास हाय," असं म्हणत तो मला मोबाइलवर भावाच्या आलेखातल्या हिरव्या-लाल कांड्या दाखवायचा.

"मामा, छापा-काटा केला तरी एवढंच बरोबर येईल."

"ए शहाणे, मग करून दाखव की."

झालं, विज्ञान प्रदर्शनाचा प्रकल्प ठरला. नियम सोपा होता. रोज संध्याकाळी साडेपाचला तिघांनी सांगायचं, उद्या या वेळेला भाव आजच्यापेक्षा वर असेल की खाली. पहिला मामा. दुसरं माझं रुपयाचं नाणं. तिसरं कुणीतरी असं हवं होतं ज्याला यातलं काही म्हणजे काही कळत नाही. आमच्या विज्ञानाच्या नीलम मॅडमनी तसं सुचवलं होतं.

मी आबांना घेतलं. आबा म्हणजे माझ्या वडिलांचे वडील, म्हस्कूआबा, ऐंशीच्या पुढचे. तरुणपणी मेंढरं घेऊन ते कोकणात उतरायचे. वाटेतले एकवीस मुक्काम त्यांना पाठ. त्यांचं ऐकून मलाही पाठ झालेले, एका दमात म्हणायचे मी. आणि बिरोबाच्या जत्रेत आबा हुईक सांगायचे. म्हणजे भाकीत. कपाळाला भंडारा लावून येत्या वर्षाचा पाऊस सांगायचा, धान्याची धारण सांगायची. म्हणून मी त्यांना त्यांच्याच शब्दांत विचारलं.

"आबा, एक नाणं हाय, हाताला न लागणारं. उद्या त्याची धारण काय?"

"हाताला लागत न्हाई तर घेत्यात कशाला गं?" आबा हसले. मग बटव्यातला भंडारा कपाळाला लावला, डोळे मिटले. "चढती."

मी वहीत 'वर' लिहिलं. दुसऱ्या दिवशी भाव पडला.

तीस दिवस असं केलं. मामाचे सतरा बरोबर. नाण्याचे चौदा. आबांचा शून्य.

मामा पोट धरून हसला. नीलम मॅडम हसल्या नाहीत. "अगं, तीसपैकी शून्य हे तीसपैकी तीसइतकंच अवघड आहे," म्हणाल्या. आम्ही कॅल्क्युलेटरवर करून बघितलं. एकशे सात कोटींत एकदा.

संध्याकाळी मी आबांना म्हटलं, "आबा, भोपळा मिळाला तुम्हाला. चढती म्हणला की पडतं, उतरती म्हणला की चढतं."

"मंग बराबर हाय की."

"बरोबर कसं?"

"धारण म्हंजी काय गं?"

"भाव."

"भाव न्हवं, बाय. रुपायाला किती पायली, ती धारण. पायली वाढली का धारण चढली, आन् धारण चढली का स्वस्ताई. शाळंत सांगत्यात काय तुमाला?"

मी वहीतला रकाना उलटा केला. तीसपैकी तीस.

"आबा, हे कसं येतं तुम्हाला?"

आबा वाडग्याकडं बघत होते. "हुईक वर्सातून येकदा इचारायची आसती. रोज इचारली का मंग समोरून बी रोज इचारत्यात."

"काय विचारतात?"

"म्हनत्यात, आता तू येक नाव सांग. तू इचारलंस म्हून मी सांगितलं. मंग त्येनी इचारलं, तवा त्येला बी सांगितलं."

"कोण, देव?"

"देव कशाला नाव मागंल? त्येला ढीग नावं हायती." आबा अजून तिकडंच बघत होते, वाडग्याच्या पार. "ज्येला न्हाई, त्यो."

मला हसू आलं. खरंच आलं. मग मी सहज मुक्काम म्हणायला लागले आणि नवव्याला थांबले. दहावा येईना. आबांना विचारलं, त्यांनाही येईना. आम्हा दोघांनाही एवढंच आठवत होतं, की एकवीस होते.

आमचा एक कुत्रा होता. पांढऱ्या कानाचा, चार वर्षं माझ्या पायाशी झोपलेला. त्याचं नाव मी आईला विचारलं. "अगं त्यो... कसला कुत्रा गं त्यो..." म्हणत आई भाकरी थापायची थांबली. भिंतीवर आजीचा फोटो आहे. खाली 'कै. तानुबाई' असं लिहिलंय. वाचताना ते कळतं. मान वळवली की जातं. त्या रात्री आबांनी मला चारदा विचारलं, "म्हातारीला काय म्हनायचो गं मी?" चारही वेळा मला उठून फोटोपाशी जावं लागलं.

मी विचारणं बंद केलं. मामानं सुरू केलं; उलटा केलेला रकाना त्यानं वहीत बघितला होता.

तो रोज पाच वाजताच हजर व्हायचा. मी भांडले, आई त्याला बोलली. "दोन दिस फक्त, ताई," म्हणत त्यानं पाच दिवस काढले. सहाव्या दिवशी तो आला तेव्हा मोबाइल खिशातच होता.

"कंपनीत फॉर्म भरत हुतो," तो आईला म्हणाला. "आईचं नाव लिहायला पेन टेकवला आन् आलंच न्हाई. तू सांग बरं."

माझी आई त्याची सख्खी थोरली बहीण. तिलाही ते येईना.

मामा त्या दिवशी चहा न घेता गेला. परत आला नाही.

आता कुणीच विचारत नव्हतं. तरी साडेपाच वाजले की आबांचा हात बटव्याकडं जायचा. घड्याळ काढून ठेवलं. बटवा लपवला, तर त्यांनी रिकामंच बोट कपाळाला लावलं. "चढती." आणि मग वाडग्याकडं तोंड करून हळूच काहीतरी बोलायचे. मी कान देऊन ऐकायचे. ऐकू यायचं, पण कळायचं नाही. नाव माझ्या कानापर्यंत यायच्या आधीच संपलेलं असायचं.

शिरूरला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, वय झालंय, विसरणारच. गोळ्या लिहून दिल्या. बाहेर बाकावर रांगेत बसलो होतो तेव्हाही साडेपाच वाजलेच. "उतरती," आबा म्हणाले आणि दवाखान्याच्या कोऱ्या भिंतीकडं वळून ओठ हलवले. दुसऱ्या दिवशी मी भाव बघितला. चढला होता.



प्रदर्शन शिरूरला होतं, तालुक्याचं. सकाळी निघताना आबांनी माझा हात धरला. त्यांना आता मुलाचं नाव येत नव्हतं, गावाचं येत नव्हतं, स्वतःचंही मी आधार कार्डावर वाचून सांगायचे; इथंही ती नावं मी बघूनच लिहिलीत.

"येकच ऱ्हायलंय," म्हणाले. "तुझं. ते न्हाई द्यायचा मी."

"देऊ नका, आबा."

"न्हाई देत. तू जा."

मी आईला बजावलं, साडेपाचला त्यांच्याजवळ बस. त्यांना बोलू देऊ नको. काही कर, गाणी लाव, तोंडावर हात ठेव. आई हो म्हणाली.

प्रदर्शनात मी भारी बोलले. आबांचा रकाना मी लावलाच नव्हता, फक्त मामा आणि नाणं. नशीब की अभ्यास, सतरा विरुद्ध चौदा, लोक हसले. परीक्षकांनी पाठ थोपटली. बक्षीस समारंभाला उशीर झाला. हॉलमधल्या घड्याळात साडेपाच वाजलेले मी बघितले. काहीच झालं नाही. मला हायसं वाटलं.

माईकवर पहिला क्रमांक पुकारला. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. कोण मुलगी उठतेय म्हणून मागं वळून बघत होते.

नीलम मॅडमनी मला कोपरानं ढोसलं. त्यांनाही हाक मारायची होती बहुतेक. त्यांचं तोंड उघडं होतं.

घरी आले तर आई उंबऱ्यावर बसलेली. "मी हात धरला हुता गं त्यांच्या तोंडावर," म्हणाली. "लई येळ. रडत हुते. बोटांतनं आलं त्ये भायेर."

त्यानंतर साडेपाचला आबा गप्प असतात. द्यायला काही उरलं नाही.

आई मला बाळा म्हणते. शाळेत हजेरीला मी माझ्या नंबरावर हात वर करते. प्रमाणपत्रावर माझा फोटो आहे आणि शेजारी लिहिलंय, कु. प्रगती. छान नाव आहे. मी ते शंभर वेळा लिहून काढलं. प्रत्येक वेळी दुसऱ्या मुलीचं लिहितेय असं वाटतं.

काल आई म्हणाली, मोठ्यानं मारून बघू हाक, ऐकून ऐकून बसंल. मी अंगणात तिच्यासमोर उभी राहिले, हातभर अंतरावर. तिनं प्रमाणपत्र डोळ्यांपुढं धरलं आणि वाचून हाक मारली.

"प्रगतीऽऽ"

मी तोंड उघडलं. माझ्या आधी, वाडग्यापलीकडून, टेकाडावरून उत्तर आलं.

"ओ. आले."