पोटातलं ओठांवर

डबीच्या झाकणावर पेन्सिलीनं एक हसरं तोंड काढलेलं होतं. डावीकडे किंचित जास्त हसणारं. प्रयोगशाळेत तपासणीला येणाऱ्या डबीवर क्रमांकाशिवाय काही नको, असा नियम. मी तरातरा खाली गेले.

खाली एचआयव्हीसह वाढणाऱ्या मुलांचा दवाखाना. तिथला औषधवाला एका चिमुरडीला पूरक आहाराची पावडर ढवळून देत होता.

"झाकणांवर चित्रं कोण काढतं?"

"मीच. नाहीतर शीची डबी धरायला मुलं लाजतात."

"अय्या, ह्याच का त्या शीवाल्या ताई?" चिमुरडी ओरडली.

"ह्याच," तो म्हणाला. मग माझ्याकडे बघत, हळूच... "मी मात्र ताई म्हणणार नाही हं."

माझी तक्रार तिथेच विरघळली.

या विषाणूनं मुलांच्या आतड्याचं अस्तर दुबळं होतं, खाल्लेलं अंगी लागत नाही. म्हणून निम्म्या मुलांच्या पावडरीत प्रयोगासाठी उपकारक जिवाणू मिसळलेले होते, बाकीच्यांची साधी. कोणाला कुठली, ते फक्त त्याला ठाऊक. तपासणीत पक्षपात नको, म्हणून निकाल लागेपर्यंत मला कळायचं नव्हतं. त्यामुळे कामाचं सोडून आम्ही जगातलं सगळं बोलायचो. अहो-जाहो कधी गळून पडलं, कळलंही नाही.

"एवढं गुपित तुझ्या पोटात राहतं कसं?" मी एकदा विचारलं.

"ते राहतं. दुसरं एक राहत नाही..." आणि त्यानं सरळ लग्नाचंच विचारलं.

"पावडरींचं गुपित फुटेल ना, त्या दिवशी सांगते."

कारण माझ्याही पोटात एक होतं. विषाणू माझ्यात जन्मापासून आहे. रोजच्या गोळीनं तो रक्तात सापडतही नाही, जोडीदाराला लागतही नाही. मुलांच्या आयांना हे मी खणखणीत आवाजात समजावते. या एका माणसापुढे मात्र मी विषयच बदलायचे.

"किती दिवस पोटात ठेवशील गं?" आई म्हणायची.

अखेर निकाल लागला. जिवाणूंचा गुण दिसला. थोडा, पण दिसला! चिमुरडीला मात्र साधीच पावडर होती, तरी गाल तिचेच सगळ्यांत गुबगुबीत.

"झाकणावरच्या चित्रांचा गुण," तो गंभीरपणे म्हणाला.

मी खळखळून हसले, आणि हसता हसताच बोलून गेले, "मीही अशाच एका दवाखान्यातल्या औषधांच्या खिडकीपाशी वाढले. ती गोळी... मी अजून घेते."

पावडर ढवळणारा त्याचा चमचा थांबला. त्याला काही समजावायची गरज नव्हती. ती औषधं रोज त्याच्याच हातून जायची.

"कधी घेतेस?"

"सकाळी. नाश्त्यानंतर."

"मेलो! म्हणजे मला लवकर उठून तुझा नाश्ता बनवावा लागणार."

"भीती नाही वाटत तुला?"

"वाटते ना. तू नाही म्हणशील याची."

मी पेन्सिल उचलली, एका कोऱ्या झाकणावर हसरं तोंड काढलं, यावेळी दोन्हीकडे सारखं, आणि म्हणाले, "हो. मी तुझ्याशीच लग्न करणार."