अण्णांचा कुरकुरणारा मोजा

“सगळं मीच करायचं. ह्यांनी नुसतं बसायचं,” अण्णांच्या उजव्या हातावर चढवलेला यांत्रिक हातमोजा पुटपुटला.

शाल्मली दचकली नाही; यंत्रं कुरकुरतात, हे तिच्या वयाच्या मुलांना ठाऊकच होतं. पण तिच्या आजोबांनी, अण्णांनी, मानही वळवली नाही, याचं तिला वाईट वाटलं. पक्षाघाताने (मेंदूच्या एका भागाला रक्त न पोचल्याने) त्यांचा तो हात लुळा पडला होता. तेव्हापासून घरात सगळे त्यांच्या आसपास दबकत चालत, आणि त्यांच्याविषयी काही बोलायचं झालं की स्वयंपाकघरात जाऊन बोलत.

मोजा चढवला की अण्णा कप उचलत, शर्टाची बटणं लावत. मोजा काढला की एक बोटही हलत नसे. हात सुधारत नाही, मग उपयोग नाही म्हणून मोजा देणाऱ्या उपचार केंद्राची माणसं आज संध्याकाळी तो परत न्यायला येणार होती.

“तू रोज हात हलवतोस, मग हात शिकत का नाही?” शाल्मलीने मोज्याला विचारलं.

“हात कुठे शिकतो? शिकतो तो मेंदू. त्याची एक वाट बुजली, तर तो शेजारून दुसरी पाडतो. पण त्या वाटेने कुणी चालायला तर हवं. माझ्यात संवेदक आहेत (स्नायूंतली अगदी मंद वीज टिपणारे बारीक तुकडे). अण्णांनी हलवायचं मनात आणलं की मला ते कळतं. सुरुवात त्यांनी करायची, कमी पडेल तेवढा जोर मी लावायचा. पण तुझ्या बाबांनी मला ‘आपोआप’वर ठेवलंय, म्हणजे त्यांची वाट न बघता मीच हात हलवतो. अण्णांना त्रास नको म्हणून.”

“मग हे आधी का नाही सांगितलंस?”

“मला विचारतंय कोण? अण्णांनाही कुणी विचारत नाही.”

शाल्मलीने मोज्याची कळ ‘ऐका’वर फिरवली आणि स्वयंपाकघरात आईसमोर असलेल्या मटाराच्या मूठभर शेंगा उचलून आणल्या.

“अण्णा, सोला.”

बराच वेळ काहीच झालं नाही. अण्णांच्या कपाळावर घाम आला. मग अंगठा किंचित थरथरला, मोज्याने जोर लावला, शेंग फुटली आणि दाणे कोचाखाली पळाले.

तिची आई, मृणाल, धावत आली. “अगं, त्यांना कशाला छळतेस? द्या अण्णा, मी सोलते. होईल हो सगळं पहिल्यासारखं.”

“होईलच,” तिच्यामागून आलेले बाबा म्हणाले, खिडकीकडे बघत.

अण्णांनी शेंग सोडली नाही.

“पहिल्यासारखं नाही होणार, मृणाल,” ते अडखळत म्हणाले. “तुम्हाला माहीत आहे. मलाही आहे. पण जेवढा येईल तेवढा हात माझा असू दे. मोजा ठेवून घ्या. आणि बाकीच्या शेंगा इकडे आणा. माझ्याबद्दल जे बोलायचं, ते इथे बसून बोला.”